मूल एक, कचेऱ्या सहा

अंगणवाडीताईंना ठाऊक असतं की चार वर्षांच्या मुलीचं वजन गेले चार महिने जिथल्या तिथे आहे आणि ती अजून धड बोलत नाही. आशाताईंना ठाऊक असतं की तिच्या आईचा खोकला महिन्याभरापासून हटत नाही आणि ती तपासणीला जायचं टाळते आहे. त्याच घरातला पाचवीतला मुलगा आठवडी बाजाराच्या दिवशी हमखास गैरहजर असतो, हे गुरुजींच्या लक्षात आलेलं असतं. बाप दीड वर्षापूर्वी वारला, पण मृत्यूची नोंद कोणी करून घेतलेली नाही, हे ग्रामपंचायतीच्या शिपायाला माहीत असतं. चौघंही मन लावून काम करणारी माणसं. प्रत्येकाने आपली माहिती आपल्या रजिस्टरात बिनचूक लिहिलेली असते. रजिस्टरं मात्र एकमेकांना कधी भेटत नाहीत.

हे घर उदाहरणासाठी रचलेलं आहे. तरी वाचताना तुमच्या वस्तीतलं एखादं घर डोळ्यांपुढे आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही अंगणवाडी सेविका असाल, आशा, शिक्षक, सरपंच किंवा एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते असाल. योजना कमी आहेत अशी तक्रार आपण नेहमी करतो आणि काही बाबतींत ती खरीही आहे. पण अशा घरांच्या बाबतीत खरी उणीव वेगळीच असते. या सगळ्यांना एका घरापाशी आणून शेवटपर्यंत पाठपुरावा करील असा एक माणूस ठरलेला नसतो.

वरच्या चार नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहा. आईचा महिन्याभराचा खोकला क्षयाचा असू शकतो. लहान मुलात वजन न वाढणं हेही क्षयाचं एक लक्षण आहे. आईला क्षय निघाला तर घरातल्या मुलांची तपासणी करायची, आजार नसेल त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियमच आहे. म्हणजे अंगणवाडीताई आहार वाढवत बसल्या आणि आशाताई थुंकीच्या तपासणीसाठी आईची मनधरणी करत राहिल्या, तरी दोघींची माहिती एकत्र आल्याशिवाय मुलीचं खरं कारण कदाचित हाती लागणारच नाही. मुलगा बाजाराच्या दिवशी गायब असतो, कारण बाप गेल्यावर हमालीचे ते पैसे घरात लागतात. आणि मृत्यूची नोंद नसल्याने बालसंगोपन, विधवा आईचं अनुदान, सातबाऱ्यावर वारसाची नोंद, सगळंच अडलेलं आहे. प्रश्न चार दिसतात, पण त्यांची गाठ एकच आहे.

ब्रिटनने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनला व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी, जिच्याकडे तिला सांभाळायला दिलं होतं त्या नात्यातल्या बाईने आणि तिच्या साथीदाराने केलेल्या छळाने मेली. लॉर्ड लॅमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ च्या जानेवारीत आला. समाजसेवा विभाग, दोन रुग्णालयं, पोलिसांची बालसंरक्षण पथकं, सगळ्यांशी तिचा संबंध आलेला होता आणि तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी हुकल्या होत्या. पुढे तिथे २००४ चा बालक कायदा झाला आणि गरजू मुलाभोवती एक गट जमवायचा, त्यातल्या एकाला मुख्य जबाबदार ठरवायचं, अशी पद्धत रुजली. तिथली यंत्रणा पगारी समाजसेवकांची आहे आणि आपली बहुतांशी मानधनावर चालते, तेव्हा नक्कल करून भागणार नाही. एक जबाबदार माणूस ठरवण्याची रीत मात्र उचलण्यासारखी आहे.

कोणाकडे काय आहे

आधी कचेऱ्यांची ओळख करून घेऊ, कारण निम्मी धावपळ चुकीच्या दारात होते.

आरोग्याकडे आशा, आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक आहे. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातला विलंब या चार गोष्टी ते पाहतं, तेही जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. पुढची तपासणी आणि थेरपी यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. लोक त्याला डीईआयसी म्हणूनच ओळखतात आणि ते बहुधा जिल्हा रुग्णालयात असतं.

महिला व बालविकास खात्याचं प्रकरण जरा गमतीचं आहे. खातं एक, हात दोन. अंगणवाडी, पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी हा हात जिल्हा परिषदेत. बालसंरक्षण कक्ष, बालकल्याण समिती आणि बालसंगोपन योजना हा दुसरा हात जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, आणि त्याचं आयुक्तालय पुण्याला. बालसंगोपनाचा अर्ज अंगणवाडी प्रकल्प कार्यालयात दिला की तो तिथेच धूळ खात पडतो, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. तो द्यायचा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात; गृहचौकशी होते आणि मंजुरी बालकल्याण समितीच्या आदेशाने मिळते. या योजनेचं आताचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. २०२३ पासून दर मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. अनाथ मुलांबरोबरच एक पालक गमावलेली मुलंही त्यात बसतात, हे गावात फार थोड्यांना माहीत असतं.

शाळेच्या बाजूला मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गट साधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक. महसुलाकडे, म्हणजे तहसील कचेरीत, संजय गांधी निराधार अनुदान आणि राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. घरातली कर्ती व्यक्ती १८ ते ५९ वयात गेली आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर या दुसऱ्या योजनेत एकरकमी २०,००० रुपये मिळतात. ग्रामपंचायतीकडे जन्म-मृत्यूची नोंद आणि ग्राम बाल संरक्षण समिती. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. ही समिती किती गावांत फलकापुरतीच उरली आहे हे तुम्हीच जाणता. तरी कागदावर ती आहे, हे काही कमी नाही. बैठकीला बोलावण्याचा अधिकार तिच्यातूनच मिळतो.

आधी आईशी बोला

यंत्रणा गोळा करण्याची घाई नको. पहिली भेट घरी, कामावरून परतल्यानंतरच्या वेळी, शक्यतो एकट्याने, रजिस्टर पिशवीत ठेवून. तीन-चार जणांनी एकदम दारात उभं राहिलं की आधी शेजारी जमतात, मग सासूबाई उत्तरं देऊ लागतात आणि आई गप्प होते.

विचारायचं साधंच: सध्या सगळ्यात जास्त कशाचं अडतंय? उत्तर बरेचदा आपल्या यादीत नसतं. आपण मुलीच्या वजनाचा विषय घेऊन गेलेलो असतो आणि आई म्हणते, रेशनकार्डात अजून त्यांचंच नाव आहे, दुकानदार कटकट करतो. मग कामाची सुरुवात रेशनकार्डापासूनच करा. ते मार्गी लागलं की तपासणीला चला म्हणायला आपल्याला तोंड राहतं. ज्या घराला गेल्या पाच वर्षांत नुसत्या माहित्या विचारल्या गेल्या आणि हातात काही पडलं नाही, त्या घराने दार हळूच लोटून घेतलं तर त्यात नवल काय?

दुसरं, परवानगी. "तुमच्या घरची गोष्ट मी गुरुजींशी आणि नर्सताईंशी बोलू का? काय सांगू आणि काय नको?" हे स्पष्ट शब्दांत विचारा. आई म्हणाली की खोकल्याचं शाळेत कळू नये, तर शाळेत कळता कामा नये. गुरुजींना मुलाच्या गैरहजेरीमागचं कारण कळणं पुरेसं आहे. मूल जरा मोठं असेल तर त्यालाही विचारा. दहा वर्षांचा मुलगा बाजारात हमाली करतो तेव्हा तो घरचा कर्ता झालेला असतो आणि त्याच्या पाठीमागे ठरवलेल्या गोष्टी तो हाणून पाडतो.

व्हॉट्सअॅपचं इथेच बोलून टाकतो. कमी वजनाच्या मुलाचा वजनकाट्यावरचा फोटो, नाव-गाव-वयासकट, चाळीस जणांच्या ग्रुपवर "कार्यवाही चालू आहे" म्हणून टाकणं बंद झालं पाहिजे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. वरिष्ठांनी फोटो मागितला तर हे कलम नम्रपणे सांगा.

बैठक: एक कागद, पाऊण तास

निराळी बैठक बोलावली तर कोणी येणार नाही. सुदैवाने महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य व पोषण दिवस अंगणवाडीत भरतो. आरोग्यसेविका, आशा आणि सेविका त्या दिवशी तिथे असतातच. लसीकरण आटोपल्यावर पाऊण तास काढा. शाळेतून एका शिक्षकांना आणि ग्रामपंचायतीतून सरपंच किंवा ग्रामसेवकांना त्याच वेळी बोलवा. एका बैठकीत एकच घर घ्या, फार तर दोन. आईला बोलवायचंच, आणि तिला खुर्ची द्यायची. ज्या घराबद्दल बोलायचं ती बाई बाहेर ओट्यावर बसून वाट पाहते आणि आत आपण तिचं भवितव्य ठरवतो, हे बरं दिसत नाही आणि उपयोगाचंही नसतं.

समोर एकच कागद हवा. त्यावर काय करायचं, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच. "आरोग्य विभागाने लक्ष द्यावे" असली वाक्यं लिहू नका. विभाग बसगाडीत बसून जिल्हा रुग्णालयात जात नसतो. "आशाताई बुधवारी आईला थुंकीच्या तपासणीला घेऊन जातील," असं लिहा. आपल्या उदाहरणात कागदावर पाच-सहा ओळी येतील: आईची क्षयाची तपासणी, मुलीची बाल स्वास्थ्य पथकाकडून तपासणी आणि कानांची चाचणी, मृत्यूची नोंद, बालसंगोपनाचा अर्ज, मुलाला शाळेत मागे पडलेल्या विषयांत मदत, रेशनकार्ड. एक प्रत आईकडे द्या. तिला वाचता येत नसेल तर मुलगा वाचून दाखवील, आणि तो वाचतोच.

कानांच्या चाचणीवर जरा थांबतो. चार वर्षांचं मूल बोलत नाही म्हटल्यावर गावात दोन निदानं तयार असतात: "मामाही उशिरा बोलला होता" किंवा मोबाईलवर वाचलेलं "ऑटिझम". दोन्ही बाजूला ठेवा. पहिली चाचणी कानांची. ऐकूच येत नसेल तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट यांचा उपयोग लहान वयात सर्वांत जास्त होतो. दोन वर्षं वाट पाहिली की पुढची दहा वर्षं महाग पडतात. पथक यायला चार महिने असतील तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन थेट डीईआयसी गाठता येतं.

कागदपत्रांचा क्रमही महत्त्वाचा आहे. मृत्यूचा दाखला नसेल तर बाकी सगळे अर्ज परत येतात. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दीड वर्षापूर्वीच्या मृत्यूला म्हणूनच वेळ लागणार, हे आईला पहिल्याच दिवशी सांगा. तोवर मुलांचे आधार, बँकखातं, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला जमवत राहा. मुलीला पुढे अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तर त्याची नोंदणी स्वावलंबन पोर्टलवर होते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत आणि श्रवणदोष त्यांतला एक.

जबाबदार माणूस कोण?

घराचा विश्वास ज्याच्यावर, तोच. हुद्द्याने मोठा असायची गरज नाही. कधी आशा, कधी वर्गशिक्षिका, कधी महिला बचत गटाच्या अध्यक्षा. आईला विचारलं तर ती नाव सांगते. सगळ्यांची कामं करणं ही या माणसाची जबाबदारी नाही. ठरलेलं काम झालं का हे विचारत राहणं, अडलं तर योग्य दार ठोठावणं आणि आईला तेच ते पुन्हा पुन्हा सांगायला लागू नये हे पाहणं, इतकंच त्याच्याकडे.

एक धोका इथे आहेच. गावात सगळ्यांच्या विश्वासाची बाई म्हणजे सेविका किंवा आशा, आणि म्हणून प्रत्येक घर तिच्याच गळ्यात पडतं. या बायका मानधनावर राबतात, आणि पोषण ट्रॅकरपासून सर्वेक्षणांपर्यंतचा भार आधीच त्यांच्यावर आहे. माझं स्पष्ट मत आहे की एका माणसाकडे एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त घरं देऊ नयेत, आणि शिक्षक व पंचायत सदस्यांनीही आपापली घरं घ्यावीत. "हे आमच्या जॉबचार्टमध्ये नाही" हे वाक्य पुरुषांकडून जास्त ऐकू येतं, एवढं नोंदवून पुढे जातो.

पाठपुराव्यातली सगळ्यात कच्ची कडी म्हणजे चिठ्ठी. आपण चिठ्ठी दिली की आपल्या रजिस्टरात "संदर्भित" असा शिक्का बसतो आणि काम झालं असं वाटतं. आईच्या बाजूने पाहा. दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं, धाकटीला कडेवर घेऊन रांग, आणि तिथे गेल्यावर कळणार की आज ती ओपीडी नसते. म्हणून ओपीडीचा वार फोन करून आधी विचारा, पहिल्या भेटीला कोणीतरी सोबत जा आणि परतल्यावर काय झालं ते त्याच आठवड्यात विचारा. तीव्र कुपोषित मूल, म्हणजे सहा महिने ते पाच वर्षं वयात दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायची वेळ आली, तर आईला तिथे राहावं लागतं. तेव्हा घरी दुसऱ्या मुलाच्या जेवणाची सोय काय, हा प्रश्न भरतीआधी सोडवा. मुलीला रुग्णालयातून मध्येच घरी आणण्यामागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

सहा आठवड्यांनी तोच कागद पुन्हा काढा. झालेल्या ओळीवर काट मारा, न झालेल्या ओळीपुढे कारण लिहा. दोनदा अडलेली ओळ वर पाठवा: पर्यवेक्षिका, केंद्रप्रमुख, गटविकास अधिकारी, ज्याची असेल त्याच्याकडे, लेखी.

स्थलांतर आणि शहर

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हे सगळं दिवाळीच्या सुमारास तुटतं. म्हणून कोयता निघायच्या आधीची बैठक सर्वांत मोलाची. शाळेकडून शिक्षण हमी कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, औषधांची पुढच्या महिन्यांची सोय आणि ज्या कारखान्याकडे जाणार तिथल्या अंगणवाडीचा किंवा शाळेचा फोन नंबर, हे आईच्या पिशवीत असलं पाहिजे. आजी घरी राहणार असेल आणि गावात हंगामी वसतिगृहाची सोय असेल, तर मुलाला मागे ठेवण्याचा पर्याय आईबापांपुढे ठेवा, निर्णय त्यांचा. कारखान्याच्या गावी एक फोन करून "हे घर येतंय" एवढं कळवलं, तरी तिथे शून्यापासून सुरुवात होत नाही.

शहरातल्या वस्तीत सरपंच नाही आणि घर भाड्याचं, दर अकरा महिन्यांनी बदलणारं. तिथे महापालिकेचा दवाखाना, अंगणवाडी आणि शाळा हे तिघंच धरून सुरुवात करा. संस्था असेल तर बरंच.

थांबायचं नाही अशा वेळा

वर सांगितलेली बैठक, परवानगी, सहा आठवडे, हे सगळं अजून वेळ हातात आहे अशा घरांसाठी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. तिथे गावकीची बैठक घेऊ नका, दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवू नका, मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. मूल मारहाणीत, भीक मागताना, बेवारस किंवा घरातून पळालेलं सापडलं तर १०९८ लावा. जिवाला धोका असेल तर ११२. असं मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करायचं असतं. बालविवाहाची कुणकुण लागली तर गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक आहेत. त्यांना लेखी कळवा आणि १०९८ वरही सांगा, म्हणजे "मला कोणी सांगितलंच नाही" असं उद्या म्हणता येणार नाही. आईला मारहाण होत असेल तर संरक्षण अधिकारी आणि सखी वन स्टॉप सेंटर; महिला हेल्पलाईन १८१. हे तीन नंबर अंगणवाडीच्या आणि शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

बाकीच्या घरांसाठी या महिन्याचा ग्राम आरोग्य व पोषण दिवस पुरे आहे. लस टोचून झाल्यावर गाडी लगेच काढू नका. गुरुजींना निरोप द्या, ज्या घराची काळजी तुम्हाला सतत वाटते त्या घरातल्या आईला बोलावून घ्या, आणि एक कागद काढा.